गावठी कोंबड्यांचं माहेर

नवऱ्याने हौस करायची आणि बायकोने ती निस्तरायची, अशी घरं आपल्या पुण्यात किती असतील, ते कोणी मोजलेलं नाही. मोजू नयेच. कोणाकडे काचेच्या टाकीत मासे असतात, कोणाकडे परदेशी जातीचा कुत्रा असतो. पाहुणे आले की मालक कौतुकाने माहिती सांगतात आणि टाकी धुवायची वेळ झाली की त्यांना नेमका महत्त्वाचा फोन येतो. बिबवेवाडीतल्या विश्वजीतची हौस जरा निराळी होती. त्याला दुर्मिळ जातीच्या कोंबड्या पाळायच्या होत्या.

विश्वजीत मार्केट यार्डात एका आडत्याच्या पेढीवर नोकरीला होता. घर वडिलांनी बांधलेलं, छोटंसंच, पण वर मोकळी गच्ची आणि गच्चीवर एक खोली. वडील गेल्यानंतर घरात तीनच माणसं राहिली: तो, त्याची आई बायडाबाई आणि बायको ऋतुजा. एके दिवशी मोबाइलवर त्याला ‘सिल्की’ नावाची कोंबडी दिसली. अंगावर पिसांच्या जागी मऊ लव, डोक्यावर गोंडा आणि पायाला चाराऐवजी पाच बोटं! विश्वजीत खुळावला. जेवताना ब्रीडर, म्हणजे जातिवंत पिल्लं तयार करणाऱ्यांच्या गोष्टी, आणि सकाळी चहाच्या कपातही ब्रीडर. घरातल्या दोघी बायकांना तो शब्द पाठ झाला.

पहिली पिल्लं त्याने बाजारातून, कोणा अनोळखी माणसाकडून आणली. ती आठवड्याच्या आतच माना टाकून मेली. ती आधीच आजारी होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ती मेली नेमकी त्या दिवशी ऋतुजा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. विश्वजीत एवढंच म्हणाला, “तू घरात असतीस तर एखादं तरी वाचलं असतं.” तो आवाज चढवून बोलला नव्हता. म्हणूनच ते वाक्य ऋतुजाच्या मनात घर करून बसलं.

नंतर मात्र तो नीट चौकशी करून सासवडच्या बाजूला अस्मिता नावाच्या बाईंकडे गेला. त्या बरीच वर्षं निवडक जातींची पिल्लं तयार करून विकत होत्या आणि चौकशी केल्याशिवाय कोणालाही पिल्लं देत नसत. त्यांनी विचारलं, “घरी दिवसभर कोण असतं?” विश्वजीत म्हणाला, “मिसेस असते ना. मोकळीच असते.” मोकळी असलेली ती मिसेस त्या वेळी घरी स्वयंपाक उरकून सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

पिल्लं घरी आली. कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं खोक्यातून बाहेर पडली तेव्हा ऋतुजाही हरखली. विश्वजीतने दोघींना समोर बसवून नियम सांगितले.

“सगळ्यात महत्त्वाची बायोसिक्युरिटी. रोग माणसांच्या चपलांवरून, कपड्यांवरून येतो. जिथे दुसऱ्या कोंबड्या आहेत तिथे पिल्लं सांभाळणाऱ्याने जायचं नाही.”

“म्हणजे माझ्या माहेरी?” ऋतुजाने विचारलं.

“तिथे तर मुळीच नाही! मामींच्या अंगणात गावठी कोंबड्या आहेत. ना लस, ना काही. तिथली मानमोडीची साथ इथे आली की संपलंच सगळं. अस्मिताताईंनी स्पष्ट सांगितलंय.”

ऋतुजाचं माहेर वाघोलीत. उंच इमारतींच्या मधोमध गावठाणातलं जुनं घर, पुढे छोटं अंगण आणि अंगणात आईच्या पाच-सहा कोंबड्या. वडील नव्हते, भावंड नव्हतं. आई द्वारकाबाई तिथे एकट्या राहत. बिबवेवाडीहून वाघोली म्हणजे काही परमुलूख नव्हे. बस बदलावी लागते, रहदारीत जीव मेटाकुटीला येतो, पण संध्याकाळपर्यंत माणूस जाऊन परत येतं. आता ती वाघोली ऋतुजासाठी बंद झाली.

आणि हे नाजूक लाड तिच्या गळ्यात पडले. दिव्याची ऊब कमी झाली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. जास्त झाली की चोची उघडून धापा टाकतात. भाताचं तूस ओलं झालं की बदलायचं. एखाद्याच्या बुडाशी शीट चिकटून वाळली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने हळूच सोडवायची, नाहीतर ते दगावतं. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. ऋतुजा भाजी आणायला गेली तरी तिचा जीव गच्चीवर. रस्त्यावरची कोंबडीवाल्याची गाडी दिसली की ती दुसऱ्या बाजूने जायची. हळूहळू भाजी आणायचं कामही तिने सोडून दिलं. दाराला बाहेरून कडी नव्हती, कोणी तिला रागावत नव्हतं, आणि तरीही तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. पिल्लं हातात घेतली की ती तिच्या तळव्यात झोपून जायची. त्यांच्यावर तरी ती कशी रागावणार?

याच सुमारास द्वारकाबाईंचा फोन आला.

“पोरी, डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय म्हणं. डागदर म्हनत्यात, लवकर काढून टाका. तू येशील का चार दिवस? थेंब घालायला कुणीतरी लागतंय.”

“येते की आई! तारीख घे.”

ऋतुजाने विश्वजीतला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नसे. तो म्हणाला, “जा ना. फक्त ही पिल्लं जरा मोठी होऊ देत.”

द्वारकाबाईंनी तारीख पुढे ढकलली. पिल्लं मोठी झाली, त्यांना पंख फुटले. ऋतुजा पिशवी भरायला घेणार, तोच विश्वजीत पायांवर पिसं असलेल्या ‘ब्रह्मा’ जातीची नवी पिल्लं घेऊन दारात हजर! “अशी चांगल्या वंशाची लाइन पुन्हा मिळाली नसती. एवढी बॅच होऊ दे, मग महिनाभर जा.” द्वारकाबाईंनी पुन्हा तारीख ढकलली. शेजारणीला बरोबर घेऊन जा, असं ऋतुजाने सुचवलं तर त्या म्हणाल्या, “परक्याच्या हातनं डोळ्यात थेंब घालून घ्यायचं भ्या वाटतं गं. तू आल्यावरच करू. मला कुठं पोथी वाचायची हाय?”

एका दुपारी फाटक वाजलं. ऋतुजा गच्चीवर होती. जाळीतून तिने खाली पाहिलं तर आई! दोन बस बदलून, हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन द्वारकाबाई लेकीला बघायला आल्या होत्या. त्या दिवशी विश्वजीत जेवायला घरी आला होता. तो लगबगीने फाटकाशी गेला.

“मामी, तेवढं आत नका येऊ. राग मानू नका. तुमच्याकडच्या कोंबड्यांमुळे... वर नवी पिल्लं आहेत ना.”

“आत न्हाई येत,” द्वारकाबाई ओशाळून म्हणाल्या. “म्या पदर झटकून आलीय. लेकीला नुसती बघून जाते. कुठं हाय?”

“वरच आहे, गच्चीवर. ऋतुजा, खाली नको येऊस गं! तिथूनच बोल.”

द्वारकाबाईंनी मान वर केली. डोळ्यांवर आडवा हात धरला आणि हसून दुसरा हात हलवला. त्या शेजारच्या घराच्या गच्चीकडे बघत होत्या. तिथे वाळत घातलेली हिरवी साडी होती. त्या साडीलाच आपली लेक समजून त्या हात हलवत राहिल्या.

“आई, इकडे! इकडे बघ!” ऋतुजा ओरडली.

त्या गोंधळून आवाजाच्या दिशेने वळल्या, आणि पुन्हा थोडं चुकीच्या दिशेनेच बघत म्हणाल्या, “दिसली गं दिसली. बरी हायस नव्हं?” मग पिशवी फाटकाला अडकवून, भिंतीला हात लावत लावत त्या बसथांब्याकडे निघाल्या. ऋतुजा जिन्यापर्यंत धावली आणि जिन्यातच थांबली. मागे गच्चीवरच्या खोलीत पिल्लं चिवचिवत होती. बायडाबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्या उठल्या नाहीत. त्या दिवशी ऋतुजा जेवली नाही आणि शेवग्याच्या शेंगा तशाच सुकल्या.

आता विश्वजीतला ब्रह्माची मोठी जोडी हवी होती, म्हणजे पुढची पिल्लं घरच्या घरीच काढता येतील. वाढलेली जोडी अस्मिताताई जागा पाहिल्याशिवाय देत नसत. म्हणून पुढच्या रविवारी त्या बिबवेवाडीला आल्या. साध्याच पंजाबी ड्रेसमधल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. गच्चीचा जिना चढण्याआधी त्यांनी पिशवीतून रबरी चपला काढल्या, स्वतःच्या चपला खालीच ठेवल्या. नळावर साबणाने हात धुतले, अंगात एक स्वच्छ डगला चढवला आणि त्या वर आल्या.

ऋतुजा त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“ताई, तुम्ही आत्ता कोंबड्यांमधूनच आलात ना?”

“हो. पहाटेपासून तिथेच होते.”

“मग तुम्ही वर कशा आलात?”

अस्मिताताई हसल्या. “कशा म्हणजे? चपला बदलल्या, हात धुतले, वरून हे घातलं. आणखी काय करायचं? नाहीतर मला जन्मात कोणाच्या घरी जाता येणार नाही!”

ऋतुजा वळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, तुम्ही तर म्हणालात की जायचंच नाही. माझी आई फाटकाबाहेर उभी राहून गेली. तिला मी दिसलेसुद्धा नाही!”

“मी रिस्क नको म्हणून...” विश्वजीत चाचरला. “ताईंनीच सांगितलं होतं, दुसऱ्या कोंबड्यांपासून लांब राहा.”

“तेही सांगितलं होतं आणि जावंच लागलं तर काय करायचं तेही सांगितलं होतं,” अस्मिताताई म्हणाल्या. “अर्धंच घरी आणलंत वाटतं. बरं, तुम्ही स्वतः दर रविवारी निरनिराळ्या ब्रीडरांकडे फिरता. मागच्या रविवारी माझ्याकडे आला होतात. तिथून घरी येऊन कपडे बदलून वर गेलात का?”

विश्वजीतने खिशातून मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात टाकला.

“सरळ वर आले होते,” ऋतुजा म्हणाली. “बूट घालूनच. पिल्लं हातात घेऊन फोटोही काढले.”

“म्हणजे नियम फक्त हिच्यासाठी!” अस्मिताताईंचा आवाज चढला. “अहो, तुमची पिल्लं गुटगुटीत आहेत, ती हिच्यामुळे. घरी कोण असतं हे मी विचारलं तेव्हा मला वाटलं, हिलाही याची आवड असेल. हिला विचारल्याशिवाय मी पिल्लं द्यायला नको होती. जोडी मी देणार नाही. माणसाला कोंडून वाढवलेली पाखरं मला नकोत.”

“अहो ताई, एवढं काय झालंय? कोंडलंय कुणी?” विश्वजीत चिडून म्हणाला. “आई, तू सांग. या घरात तिला कोणी काही बोलतं का?”

बायडाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. गुडघे धरून चढताना त्यांना दम लागला होता.

“न्हाई बोलत,” त्या म्हणाल्या. “मला बी कुणी बोलत नव्हतं, विश्वा. माझी आई आजारी हाय म्हणून सांगावा आला, तवा गावाकडं दारात म्हस व्यायला झाली हुती. तुझं वडील म्हनलं, म्हस यिऊ दे, मग जा. म्हस येली. मग म्हनलं, रेडकू दूध पिऊ दे. मग सुगी आली. म्या गेले तवा आईची राख बी गोळा करून झाली हुती. कुणी मला न्हाई म्हनलं न्हवतं! एवढं हू दे, एवढंच म्हनत हुते. आन् तू बी तेच म्हनतूयास.”

“आई, तेव्हाची गोष्ट वेगळी...”

“काय येगळी? म्हस मोठी हुती आन् ही पिल्लं बारकी हायती, एवढाच फरक! परवा तुझी सासू फाटकात हुती, म्या आत बसून ऐकत हुते. मला उठाया पायजे हुतं. म्या न्हाई उठले. पर आता सांगते. ऋतुजा, पोरी, तू आताच्या आता जा. विश्वाची पिल्लं हायती, विश्वा बघंल!”

ऋतुजा रडली नाही. तिने हातातली दाण्यांची वाटी विश्वजीतच्या हातात दिली.

“अगं, उद्या सोडतो मी तुला गाडीवर,” तो म्हणाला. “आज रविवार, उद्या पेढीवर सांगतो...”

“नको. पाण्याची भांडी धुवायची आहेत. दिवा दुपारी थोडा वर उचलून ठेवा, ऊन तापलं की त्यांना सोसत नाही. आणि बूट काढून जा.”

ती खाली गेली, भरायची राहून गेलेली पिशवी तिने भरली आणि रिक्षा केली. इतके महिने ज्या रस्त्याला ती घाबरत होती, तो रस्ता नेहमीसारखाच होता. वाटेत येरवड्याला रहदारी तुंबली तेव्हा कुठे तिला रडू आलं.

पुढचे दिवस विश्वजीतने रजा काढून पिल्लं सांभाळली. सुरुवातीला तो फुगून बसला होता. चार दिवसांत त्याला कळलं की दूध आणायला गेलं तरी मन गच्चीवर राहतं. शेजारच्या मित्राने चहाला बोलावलं तेव्हा “जमणार नाही रे, पिल्लं आहेत” हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले आणि तो दारातच थबकला. मित्राकडचा चहा बुडाला याचं त्याला वाईट वाटलं. मग फाटकातल्या द्वारकाबाई त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढायच्या दिवशी पिल्लं बायडाबाईंच्या नजरेखाली ठेवून तो दवाखान्यात पोचला. ऋतुजा आईजवळ बसली होती. डॉक्टरांनी डोळा तपासला, पुन्हा तपासला आणि खुर्ची मागे सरकवली.

“मोतीबिंदू फार पिकला होता. डोळ्यातला दाब वाढून आतली नस दुखावली आहे. या डोळ्याला उजेड-अंधार कळेल, त्यापुढे फारसं काही नाही. दुसरा डोळा वेळेवर केला तर चांगला राहील. पण मी यांना केव्हाच सांगितलं होतं, लवकर या म्हणून! घरची माणसं काय करत होती?”

 मग द्वारकाबाईच चाचपडत म्हणाल्या, “त्यांचं काय चुकलं न्हाई हो. म्याच भ्याले. म्याच आज-उद्या केलं. जावईबापू तर लई चांगलं हायती.”

जावईबापू दारात उभे होते. सासूने शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. हे त्याला ऐकवेना.

“नाही डॉक्टर!” तो म्हणाला. बाहेरच्या बाकावरची माणसंही वळून बघू लागली. “त्यांनी उशीर केला नाही. माझ्या बायकोला मी इकडे येऊ दिलं नाही. मला कोंबडीची पिल्लं वाढवायची होती, आणि त्यासाठी मी तिला घरात बांधून ठेवलं. या आमच्या दारात आल्या, तर मी यांना फाटकातूनच परत पाठवलं. हा डोळा माझ्यामुळे गेला!”

 त्याने वाकून सासूच्या पायांना हात लावला. द्वारकाबाईंनी त्याचं डोकं चाचपून हात ठेवला आणि म्हणाल्या, “असू द्या. एक हाय की अजून.” ऋतुजा आईचा पदर नीट करत राहिली. तिने त्याला माफ केलं की नाही, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे बरेच दिवस कळलं नाही. ती आईजवळच राहिली, दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन तो बरा होईपर्यंत. विश्वजीतने नवी पिल्लं आणली नाहीत. जी होती ती त्याने स्वतःच्या हातांनी वाढवली, आणि आठवड्यातून दोनदा कपडे बदलून, चपला बदलून तो वाघोलीला जाऊन अंगण झाडून येऊ लागला.

वाचकहो, कोंबड्या पाळणं वाईट नाही, आणि पाखरांना जपायचे नियमही खोटे नाहीत. वाईट हे, की आपल्या घरातल्या बाईला अडवायला आपल्याला नेहमी एखादं खरं कारण सापडतं. कधी म्हैस, कधी पाहुणे, कधी मुलांची परीक्षा. कारण खरं असतं म्हणून तीही मान हलवते, आणि आपण नाही म्हटलेलंच नसतं, म्हणून आपल्याला अपराधीही वाटत नाही. तेव्हा स्वतःला एकच विचारा: हा नियम मी स्वतः पाळतो का? उत्तर नाही असेल, तर तो नियम नव्हे, ती कैद आहे. आणि तिला आईकडे जायचं असेल, तर आजच जाऊ द्या. छे, ‘जाऊ द्या’ म्हणणारे तरी आपण कोण? ती जाईल. आपण घरी थांबावं आणि पिल्लांना पाणी द्यावं.